पडद्याखालचा चौथा जोड

साडूंच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर एक मोठा फोटो टांगलेला आहे. त्यात वाफेचे एक इंजिन आहे, बाजूने घेतलेले, पुढच्या कंदिलापासून मागच्या पायरीपर्यंत. इंजिनापुढे माणसांच्या रांगेत मधोमध साडू उभे आहेत. हाताची घडी, हनुवटी वर, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे इंजिन आपणच सकाळच्या चहाआधी घडवले. वास्तविक साडू रेल्वेच्या दुरुस्ती कारखान्यात टाइम ऑफिसचे कारकून होते. साऱ्या नोकरीत त्यांनी इंजिनाला एकदाच हात लावला, तो या फोटोच्या दिवशी, आणि रंग ओला निघाला. म्हणून हाताची घडी.

त्यांच्या डोक्याच्या सरळ वर, इंजिनाच्याही वर, एक पांढुरका ढग आहे. पाहुण्यांनी विचारले की साडू सांगत, ती इंजिनाची वाफ. आपण शिट्टी दिली आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. इंजिनामागे पांढऱ्या कापडाचा भलामोठा पडदा आहे. तो जमिनीपासून वीतभर वर संपतो आणि त्याखाली, चाकांच्या फटींतून, बुटांचे पाच जोड दिसतात. डावीकडून चौथा जोड पडदेवाल्यांचा.

पडदेवाले म्हणजे साडूंचे साडू, त्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. कुटुंबात काहीही कारण निघाले की त्यांना याच सोफ्यावर, याच फोटोखाली बसवले जाई. पाहुणे आधी फोटो बघत, मग साडूंकडे बघत, मग पडदेवाल्यांना जरा सरकायला सांगत.

ते कारखान्यात लागले बॉयलरच्या नळ्या साफ करायला. पण उंच होते, हात लांब होते, आणि लागल्यानंतर थोड्याच दिवसांत फोरमनने त्यांना पडद्याची काठी धरायला उभे केले. त्या काळी मोठी दुरुस्ती होऊन इंजिन बाहेर पडायचे असले की साहेबांना दाखवायला त्याचा फोटो काढत. चकाकी नको म्हणून इंजिनाला करडा रंग देत, तोही फक्त कॅमेऱ्याकडच्या बाजूला. मागची क्रेन, भंगाराचा ढीग आणि डबा खात बसलेली माणसे दिसू नयेत म्हणून मागे पडदा. फोटो तेव्हा काचेवर उतरत आणि कॅमेऱ्यातली ती काच बराच वेळ उघडी राहायची. तेवढा वेळ समोरच्यांनी हलायचे नाही आणि पडदेवाल्यांनी पडदा हळूहळू हलवत राहायचे, म्हणजे कापडाच्या सुरकुत्या फोटोत येत नाहीत. एकदा दिलेले हे काम परत घ्यायचे कुणाला सुचले नाही. कारखाना बंद होईपर्यंत तेथून निघालेल्या प्रत्येक इंजिनाच्या फोटोत ते होते आणि एकातही दिसत नव्हते. रंगवलेली बाजूही त्यांनी कधी पाहिली नाही. त्यांच्या वाट्याला इंजिनाची दुसरी बाजू यायची, गंजलेली.

साडूंचे तसे नव्हते. फोटो निघणार असे कळले की ते टाइम ऑफिसला कुलूप लावून हजर होत आणि फिटरांच्या रांगेत मधोमध उभे राहत. फिटर म्हणत, आयत्या बिळावर नागोबा. पण फोटोत आवाज येत नाही.

साडूंपुढे पडदेवाल्यांचा एकच हुकमी पत्ता होता. साडू सिगारेट ओढत, घरात, उघड, पलंगावर बसून. थोरली बहीण कावलेली असे. तेव्हा धाकटी म्हणे, "आमचे बघ. जन्म धुराच्या कारखान्यात गेला, पण तोंडाला धूर लावला नाही." कपड्यांना वास येई तो इंजिनाचा. असे पडदेवाल्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितले होते आणि तिने ते शेजारपाजाऱ्यांना, नात्यागोत्यात आणि दोन सुनांना सांगितले होते. सगळ्या खानदानात पडदेवाल्यांची एवढीच कमाई होती, आणि ती कमी नव्हती.

यंदा जुन्या कारखान्याच्या एका शेडमध्ये संग्रहालय निघाले. कपाटांमागे फोटोच्या काचांची खोकीच्या खोकी सापडली. कशावरही काही लिहिलेले नाही. संग्रहालयाच्या बाईंनी हयात कामगारांना निरोप धाडले, की या आणि ओळखा. बाई तरुण, कमी बोलणाऱ्या, आणि कापडी हातमोजे घातल्याशिवाय काचेला हात न लावणाऱ्या. बरेचजण आले, आपला फोटो सापडला की चहा पिऊन गेले. रोज येणारे उरले पडदेवाले.

त्यांची ओळखायची पद्धत बाईंना पहिल्यांदा समजेना. समोरच्या माणसांकडे ते बघायचेच नाहीत. भिंग घेऊन थेट पडद्याखाली जायचे. हा टाच झिजलेला बूट म्हणजे लोहार, हा नाडीऐवजी सुतळीवाला रंगारी, हा उजवा पाय बाहेर टाकणारा क्रेनवाल्याचा भाऊ. लोहार आहे म्हणजे हातोड्याचा मोठा अपघात अजून व्हायचा आहे. म्हणजे फोटो त्याआधीचा. बाई हे सारे हजेरीपटाशी ताडून बघत. बहुतेक वेळा जुळे. जुळले नाही की बाई तसे स्पष्ट सांगत आणि पडदेवाले दिवसभर रुसत.

एकदा तर त्यांनी काच उलटी केली आणि मागून बघू लागले. बाईंनी शांतपणे सांगितले की काच उलटी केल्याने इंजिनाची मागची बाजू दिसत नाही, पुढचीच उलटी दिसते. मागची बाजू या काचेत नाहीच.

"नाही कशी?" पडदेवाले म्हणाले. "मी तिथेच उभा होतो."

मग भिंतीची बातमी आली. एक फोटो भिंतभर मोठा करून लावायचा आणि खाली त्यातल्या माणसांची नावे कोरायची. बाईंनी निवडला तो कारखान्यातून दुरुस्त होऊन निघालेल्या शेवटच्या इंजिनाचा, म्हणजे साडूंच्या सोफ्यावरचाच. काच त्याचीच सर्वांत चांगली राहिली होती. वरच्या बाजूला एक पांढरा डाग पडला होता तेवढाच, आणि तो मोठा करताना काढून टाकता येणार होता. नियम सोपा होता. जो दिसतो त्याचेच नाव.

पडदेवाल्यांनी विचारले, पाय दिसले तर चालेल का? बाईंनी हा प्रश्न वरिष्ठांना पाठवला. वरिष्ठांनी विचार करून कळवले की पाय हा माणसाचा भाग आहे. मात्र ते पाय त्याचेच, असे कारखान्यातल्या दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवे.

बाकीचे चार जोड बूट तोवर देवाघरी गेले होते. पडद्याखालचे बूट ओळखू शकणारे गावात उरले होते एक साडू.

घरी हे कळल्यावर बायको म्हणाली, "जन्मभर मागे उभे राहिलात. आता पाय ओळखून घ्यायचे तर आधी भाऊजींचे पाय धरा." पण तिलाही ते नाव भिंतीवर हवे होते, नवऱ्यापेक्षा जरा जास्तच. सोफ्यावर सरकून बसण्याचा तिलाही कंटाळा आला होता. तिने ताईला फोन केला.

साडू लगेच तयार झाले नाहीत. वास्तविक बूट ओळखण्यात त्यांच्याइतका जाणकार नव्हता. टाइम ऑफिसची खिडकी बांधणाऱ्याने चुकून इतकी खाली ठेवली होती की आतून माणूस कमरेपासून खालीच दिसे. चेहऱ्याने कामगार साडूंना ओळखू येत नसत. बुटांवरून एकूण एक. हजेरीही ते तशीच लावत. फोटोच्या दिवशी पडद्यावरच्या माणसांची हजेरी घ्यायला समोरून जात, खाली वाकत, पाच जोड मोजत आणि पाच खुणा करत. चौथ्या जोडाच्या डाव्या बुटाचे तोंड फाटलेले होते आणि तांब्याच्या तारेने शिवलेले होते, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. पण फुकट कशाला सांगायचे? त्यांची अट होती. भिंतीवर त्यांच्या नावापुढे 'कारकून' नको, 'फिटर' हवे, आणि पडदेवाल्यांनी त्यावर तोंड उघडायचे नाही.

पडदेवाल्यांनी दोन दिवस फुरंगटून काढले आणि मान डोलावली.

ठरल्या दिवशी सगळे संग्रहालयात जमले. लांब टेबल, खालून उजेड येणारी काच, तिच्यावर तो फोटो. एका बाजूला बाई, समोर दोघे साडू इस्त्रीच्या कपड्यांत, आणि मागे खुर्च्यांवर दोघी बहिणी. भिंग साडूंच्या हातात दिले गेले. त्यांनी ते इंजिनावरून, मग स्वतःवरून बराच वेळ फिरवले. शेवटी खाली आणले.

"चौथा जोड," ते म्हणाले. "डाव्या बुटाला तांब्याची तार. हे आमचे साडूभाऊ. शपथेवर सांगतो."

बाईंनी लिहून घेतले. मग रिवाजाप्रमाणे स्वतः भिंग लावले. त्या बराच वेळ वर आल्या नाहीत. वर आल्या तेव्हा म्हणाल्या की आणखी एक गोष्ट कळत नाही. पडद्याला सुरकुत्या आहेत. आतापर्यंत तपासलेल्या, जुन्या काळच्या फोटोंत पडदा गुळगुळीत दिसतो, कारण तो हलवला जाई. या फोटोत तो कुणीच हलवत नव्हते.

पडदेवाले छताकडे बघू लागले.

"आणि दुसरं," बाई म्हणाल्या, "या बुटांत पाय नाहीत."

साडूंनी भिंग हिसकावूनच घेतले. चौथा जोड पोकळ होता. तिसराही. पाचही जोड ओळीने, टाचा जुळवून, जिभा बाहेर काढून उभे होते, आणि त्यांच्या वर घोटे असायला हवेत तिथे नुसती हवा होती.

मग पडदेवाल्यांना सांगावे लागले. पडद्याच्या काठ्या जड. फोटोवाला सावकाश. जमिनीवर जुनी चाके आडवी पडलेली असत आणि चाकाच्या मधल्या भोकात काठी फक्कड बसते, हे लोहाराच्या एकदा लक्षात आले. त्यानंतर पडदा आपला आपण उभा राहू लागला. प्रश्न फक्त हजेरीचा होता. हजेरीवाला बूट मोजतो हे सगळ्या कारखान्याला माहीत होते. म्हणून बूट ठेवायचे आणि अनवाणी मागे जाऊन बसायचे.

"किती वेळा?" साडूंनी विचारले.

"चाकाची युक्ती सापडल्यावर," पडदेवाले म्हणाले, "नेहमीच."

साडू खाली बसले. ज्या नोकरीत त्यांची एकही चूक निघाली नव्हती, तीत वर्षानुवर्षे त्यांनी बुटांना हजर लावले होते. बुटांना पगार झाला होता. बुटांना चांगल्या हजेरीबद्दल दोनदा बक्षीसही मिळाले होते, आणि त्या कागदावर शिफारस साडूंची होती.

बाईंनी पेन्सिल उचलली. त्यांना वाईट वाटले असावे, पण हात थांबला नाही. ज्या बुटांत माणूस नाही ते माणसाचा भाग होत नाहीत, ती वस्तू. त्यांनी लिहिले, 'पादत्राणे, पाच जोड', आणि चौथ्या जोडापुढचे नाव खोडले. मग मदतनिसाला सांगितले की बाकी फोटो पक्का. तो वरचा पांढरा डाग तेवढा साफ करून मोठा करायला पाठवा.

साडूंना आता कशालातरी धरून उभे राहायचे होते. तो डाग नाही, ते म्हणाले, ती वाफ आहे. आपण शिट्टी दिली होती. बाईंनी त्यांना इंजिनाचे धुराडे दाखवले. त्याच्या तोंडावर जाड कापड बांधलेले होते. आत पाणी नाही, कोळसा नाही. रंग ओला असलेल्या इंजिनात कुणी आग पेटवत नाही. हे इंजिन त्या दिवशी दगडासारखे थंड होते. तेव्हा हा काचेवरचा डागच, आणि तो जाणार.

मदतनीस काच उचलायला पुढे झाला. पडदेवाल्यांनी एकदा मागे वळून बायकोकडे पाहिले. ती इस्त्रीची साडी नेसून, पिशवी मांडीवर धरून बसली होती. घरी परतताना पेढे घेऊ असे तिने येताना ठरवले होते.

"तो डाग काढू नका," पडदेवाले म्हणाले.

बाईंनी विचारले, का?

"तो मी आहे."

पुढचे त्यांनी टेबलाकडे बघत सांगितले. बाकीचे चौघे मागे खाली बसायचे. आपण मात्र टाकाऊ बॉयलरच्या पाठीवर चढून, पडद्याच्या वरच्या काठाशी. तिथे वारा लागायचा. फोटोवाल्याने कॅमेऱ्याचे टोपण काढले की निवांत वेळ मिळायचा, तेवढ्यात एक सिगारेट व्हायची. त्या दिवशी शेवटचे इंजिन म्हणून दोन झाल्या. काच बराच वेळ उघडी असल्यामुळे धूर असा ढगासारखा उतरला असणार. ढगाची खालची कड कशी सरळ कापल्यासारखी आहे बघा. तो पडद्याचा काठ.

बाईंनी बघितले. कड सरळ होती. डाग असा पडत नाही हे त्यांना मान्य करावे लागले.

मग बोलली ती बायको, आणि तीही नवऱ्याशी नाही, बाईंशी.

"दुरुस्तीला आलेलं इंजिन थंड असतं?"

"हो काकू. पेटलेल्या इंजिनात हात कोण घालणार?"

"सगळीच थंड?"

"सगळीच."

"मग मी इतकी वर्षं कपडे कशाचे धुतले?"

याचे उत्तर बाईंच्या कामात बसत नव्हते. थोरल्या बहिणीने तोंडाला रुमाल लावला. साडूंच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत येत होता. पडदेवाल्यांनी एवढेच सांगितले की कारखाना बंद झाल्यावर आपण सिगारेट सोडली. पडदाच राहिला नव्हता.

बाईंनी नियम पुन्हा वाचला. जो दिसतो त्याचेच नाव. धूर दिसत होता. तो त्या माणसाच्या आतून आला होता, हेही नाकारता येत नव्हते. वरिष्ठांना विचारण्याच्या भानगडीत त्या या खेपेस पडल्या नाहीत. पेन्सिल टेकवून त्यांनी पडदेवाल्यांकडे पाहिले.

"लिहू का? एकदा कोरलं की पुसता येत नाही. येणारा जाणारा वाचेल."

येणारे जाणारे म्हणजे शेजारपाजारी, नातीगोती आणि दोन सुना. पडदेवाल्यांनी भिंग उचलून एकदा ढग पाहिला.

"लिहा," ते म्हणाले. "आणि यांच्या नावापुढे कारकून लिहा. फिटर नव्हते ते."

त्या दिवशी पेढे आले नाहीत. घरी पुढचे काही दिवस बोलणे गरजेपुरते, म्हणजे मीठ, किल्ली आणि पंखा. त्यांचे धुवायचे कपडे बायकोने वेगळे काढले आणि धुण्याआधी एकेक नाकाला लावून पाहू लागली. आता त्यांना कसलाही वास येत नव्हता, तरी. बहिणीशी फोनवर बोलताना 'आमचे बघ' हे दोन शब्द कायमचे बंद झाले. साडूंनी मुद्दाम घरी येऊन, सगळ्यांसमोर, सिगारेटचे पाकीट उघडून पडदेवाल्यांपुढे धरले. पडदेवाल्यांनी नको म्हटले. "आता कसली लाज?" साडू म्हणाले. "तुम्ही तर भिंतीवरचे ओढणारे."

भिंत उघडली तेव्हा गर्दी बरी होती. खाली पितळी पट्टीवर डावीकडून उजवीकडे नावे होती. फिटर, रंगारी, क्रेनवाला, टाइम ऑफिसमधील कारकून. मग 'पादत्राणे, पाच जोड'. आणि सर्वांत शेवटी, एका बारीक बाणासह, 'वरील धूर:' असे लिहून पडदेवाल्यांचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. लोक नाव वाचत आणि मान वर करून ढगाकडे बघत. इतका वेळ कुणी साडूंकडेही पाहत नव्हते. बायकोने चष्मा लावून पट्टी दोनदा वाचली, वडिलांच्या नावातली वेलांटी बरोबर आहे का ते तपासले, आणि बाहेर येऊन थांबली.

पुढच्या महिन्यात थोरलीच्या नातीला बघायला पाहुणे आले. दोन्ही घरे साडूंच्या दिवाणखान्यात जमली. पडदेवाले सवयीने फोटोखाली बसले. पाहुण्यांतले एक वयस्क गृहस्थ फोटोकडे बघत राहिले, मग म्हणाले, वा, इंजिन काय जोरात वाफ सोडतंय. भिंत उघडून महिना झाला होता, पण सवय जात नाही. साडूंनी घसा साफ केला आणि शिट्टीपासून सुरुवात केली.

"शिट्टी नव्हती, भाऊजी," धाकटी म्हणाली. चहाचा ट्रे तिने टेबलावर ठेवला. "इंजिन थंड होतं. ते वर दिसतात ते आमचे."

पाहुण्यांनी फोटोकडे पाहिले, मग सोफ्यावरच्या पडदेवाल्यांकडे, मग परत फोटोकडे. पडदेवाले जरा सरकू लागले. तिने त्यांना बसा म्हणून खूण केली, स्टूल ओढले, त्यावर चढली, आणि फोटोच्या काचेवरची धूळ फडक्याने पुसली. ढग होता तेवढीच. साडूंचा चेहरा तसाच ठेवला.